लॅमिनेशन मशीन आणि फिल्म निवडताना: सात आठवड्यांच्या नोंदी

काम थोडक्यात असं: आतापर्यंत बाहेरून करून आणलेलं लॅमिनेशन (छापलेल्या कागदावर प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवणं) आपल्याच छापखान्यात सुरू करायचं. डिजिटल टोनरची छपाई आणि ऑफसेटची कव्हरं, दोन्ही एकाच मशीनवर. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीची काही मतं पुढे बदललेली दिसतील. ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

३ जून

मशीनची माहितीपत्रकं उघडण्याआधी गेल्या चार आठवड्यांची जॉब-तिकिटं काढली. जॉब न मोजता शीट मोजल्या, आणि शीटवरून फेऱ्या काढल्या. पाठपोट लॅमिनेशन असलं की एकाच बाजूला फिल्म लावणाऱ्या मशीनमधून शीट दोनदा जाते, हे हिशेबात धरलं नाही तर सगळा अंदाज चुकतो.

१३×१९ इंच डिजिटल, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड: ५,४०० शीट, त्यातल्या ३,६०० पाठपोट. म्हणजे ९,००० फेऱ्या. १८×२५ इंच ऑफसेट कव्हरं, २५० जीएसएम, एकाच बाजूने: २,२०० फेऱ्या. एकूण ११,२०० फेऱ्या आणि कामाचे दिवस २४, म्हणजे दिवसाला सरासरी ४६७. गर्दीच्या दिवशी १,५०० पर्यंत.

हाताने शीट भरून मिनिटाला ६ निघाल्या तर सरासरी दिवसाचं काम सव्वा तासात उरकतं, गर्दीच्या दिवशी चार तासांच्या थोडं वर जातं. मिनिटाला ६ शीट म्हणजे साधारण ३ मीटर वेग. आपल्याला ३ ते ५ मीटरवर नीट चिकटवणारं मशीन हवं आहे. पत्रकावर ३० मीटर लिहिलेलं मशीन घेऊन उपयोग नाही.

रुंदी १८ इंच बाजूवरून ठरते: ४५७ मिमी. म्हणजे ५२० मिमीच्या गटातलं मशीन.

५ जून

पर्याय गाळले.

पाऊचचं मशीन (फिल्मच्या तयार पिशवीत कागद घालून तापवणारं) आहेच, ते ए४ कार्डांपुरतं ठेवायचं. पाऊच चारही बाजूंनी कागदाच्या बाहेर जाऊन स्वतःलाच चिकटतो, कमीत कमी ३ मिमी कड सुटावी लागते. कागदाच्या कडेपर्यंत कापायच्या कामाला तो चालत नाही. पाऊच कागदाच्या रेषेवर कापला तर काही दिवसांत कोपरे सुटतात.

गोंद लावून करायचं ओलं लॅमिनेशन बाद. साधी बीओपीपी (ताणून केलेली पॉलिप्रॉपिलीनची) फिल्म आणि पाण्यातला गोंद वापरल्यामुळे मोठ्या प्रतसंख्येला ते स्वस्त पडतं. पण आपले जॉब ५० ते ४०० शीटचे. दर वेळी गोंदाची ट्रे भरा, धुवा, गठ्ठे सुकू द्या, यात लॅमिनेशनपेक्षा तयारीलाच जास्त वेळ जाईल.

दोन्ही बाजूंना एकदम फिल्म लावणारं मशीन मोहात पाडणारं आहे: पाठपोट काम एका फेरीत आणि दोन्हीकडे सारखा ताण असल्यामुळे कागद वळत नाही. पण कव्हरांना आतल्या बाजूने फिल्म चालत नाही, कारण बाइंडिंगचा गोंद तिथे धरत नाही. म्हणून एकबाजूचं थर्मल रोल मशीन, वर तापणारा क्रोम रोलर आणि खाली सिलिकॉन रबरचा दाब रोलर. आजचं मत इथपर्यंत.

८ जून

फिल्मचे नमुने मागवले, प्रत्येकी २५–३० मीटर. विचारताना फक्त "२४ मायक्रॉन ग्लॉस" म्हणू नये. एकूण जाडीत दोन थर असतात: वरची फिल्म आणि खालचा उष्णतेने वितळणारा ईव्हीए गोंद. २४ म्हणजे १२ अधिक १२ असू शकते, तशीच १५ अधिक ९ सुद्धा. टोनरवर चिकटायला गोंदाचा थर महत्त्वाचा, त्यामुळे फोड विचारायचीच.

दर किलोवर मिळत असेल तर घनतेचा हिशेब करावा लागतो. बीओपीपीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) सुमारे ०.९१, पॉलिस्टरची १.४, नायलॉनची १.१४ आणि ईव्हीएची साधारण ०.९४. त्यावरून एका किलोत मिळणारं क्षेत्रफळ:

बीओपीपी १२+१२: २२.२ ग्रॅम प्रति चौ. मी., म्हणजे ४५ चौ. मी.
बीओपीपी १५+१५: २७.८ ग्रॅम, म्हणजे ३६ चौ. मी.
पॉलिस्टर १२+१२: २८.१ ग्रॅम, म्हणजे साडेपस्तीस चौ. मी.
नायलॉन १५+१५: ३१.२ ग्रॅम, म्हणजे ३२ चौ. मी.

किलोचा भाव सारखा दिसला तरी पॉलिस्टरमध्ये पाचव्या हिश्श्याहून जास्त क्षेत्रफळ कमी मिळतं. सगळे भाव चौरस मीटरवर आणून मगच एका कागदावर मांडले. दोन पुरवठादारांचा क्रम तिथेच उलटा झाला.

११ जून

पहिली चाचणी, विक्रेत्याच्या मशीनवर. कागद मात्र आपलेच नेले होते: गडद काळा, गडद निळा, त्वचेचा रंग आणि बारीक अक्षरं असलेली एकच चाचणी-शीट, ४० प्रती. विक्रेत्याकडच्या नमुना-शीटवर सगळंच छान दिसतं.

साधी मॅट फिल्म, मशीनच्या आकडे दाखवणाऱ्या पाटीवर १०५ अंश, वेग ४ मीटर. काळ्या भागावर चंदेरी झाक आली. जवळून पाहिलं तर बारीक बारीक हवेचे ठिपके: गोंद टोनरच्या खडबडीत पृष्ठभागात पुरता उतरलेला नव्हता. त्वचेच्या रंगावर तीच फिल्म निर्दोष दिसत होती. त्यामुळे चाचणी गडद रंगावरच घ्यायची. फिक्या रंगावर हा दोष लपतो.

रोलरचं तापमान खरं किती ते पाहायला इन्फ्रारेड पिस्तूल लावलं तर ४३ अंश. मशीन बिघडलं आहे या समजुतीत तासभर गेला. दोष मोजण्यात होता. चकचकीत क्रोम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूचं तापमान परावर्तित करतो, त्यामुळे पिस्तूल खोटा आकडा देतं. रोलर थांबलेला असताना त्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावून, टेप तापल्यावर तिच्यावर मोजलं: मध्ये ९८, कडांना ९१. टेप काढल्याशिवाय रोलर फिरवू नये.

म्हणजे पाटीवरचे १०५ प्रत्यक्षात ९८ आहेत आणि कडेला त्याहून ७ अंश कमी. चंदेरी झाक कडांना जास्त का, हे उलगडलं. इथून पुढे नोंदीतली सगळी तापमानं टेपवर मोजलेली आहेत.

१२ व १३ जून

तीन तापमानं (९५, १०५, ११५ च्या आसपास), तीन वेग (२, ३, ४ मीटर), तीन फिल्म, प्रत्येकी ४ शीट. १०८ शीट खर्ची पडल्या. जास्त वाटतील, पण पुढचे सगळे निर्णय याच गठ्ठ्यावर झाले. प्रत्येक शीटच्या मागे पेन्सिलने तापमान, वेग आणि फिल्म लिहिली. न लिहिता गठ्ठा केला तर सगळी मेहनत वाया.

तपासणी लगेच केली नाही, २४ तासांनी केली. ईव्हीए गार झाल्यावरही पकड काही तास वाढत जाते, आणि काही दोष उलट उशिरा उघडे पडतात. तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली: काळ्या भागावर ब्लेडने फुली मारून त्यावर टेप दाबली आणि झटक्यात ओढली. दुसरी: कोपऱ्यातून फिल्म सोलली. फिल्मबरोबर कागदाचे तंतू आले तर पकड उत्तम. फिल्म स्वच्छ निघाली आणि टोनर कागदावरच राहिला तर गोंद चिकटलेला नाही. टोनर पूर्णपणे फिल्मबरोबर आला आणि खाली पांढरा कागद उरला, तर लॅमिनेशनला दोष देऊ नये, टोनरच कागदावर नीट भाजला गेलेला नाही. असल्या ६ शीट सापडल्या आणि सगळ्या एकाच दुपारच्या छपाईतल्या निघाल्या. प्रिंटरवर कागदाचं वजन कमी निवडलं गेलं होतं. तिसरी तपासणी: क्रीझ मारून (घडीसाठी दाबरेघ पाडून) घडी घातली आणि घडीवर पांढरी रेघ येते का पाहिलं.

निकाल (तापमान/वेग): साधी मॅट १०५/३ वर घडीत उघडते. ११५/२ वर चिकटते, पण फिल्मचा पोत संत्र्याच्या सालीसारखा होतो आणि शीट बरीच वळते. डिजिटलसाठी म्हणून मिळणारी, जास्त चिकट गोंदाची १५+१५ मॅट १०८/३ वर तिन्ही तपासण्यांत टिकली. साधी १२+१२ ग्लॉस ऑफसेटच्या शीटवर ९८/४ ला पुरेशी आहे.

टोनरच्या कामाला डिजिटल फिल्मच घ्यायची. स्वस्त फिल्मला जास्त उष्णता देऊन काम भागवायचा मार्ग बंद केला. ती उष्णता कागद वळण्याच्या रूपाने परत येते.

मॅटमुळे गडद रंग उजळ आणि फिके दिसतात, काळा करडा होतो. ग्राहकाला प्रूफ दाखवताना त्यावर मॅट चढवूनच दाखवायचं. तिकिटावर तसा रकाना वाढवला.

१६ जून

ऑफसेट कव्हरांची चाचणी. सकाळी छापलेली कव्हरं दुपारी मशीनवर घेतली. आमचीच घाई. गडद निळ्यावर फोड आले आणि फिल्म हलक्या हाताने सुटली. कारणं दोन, दोन्ही एकाच वेळी: शाई आतून ओली होती आणि शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मारलेली पावडर वर बसलेली होती. पावडरचा प्रत्येक कण फिल्मखाली छोटा तंबू करतो.

उरलेल्या शीट ४८ तास ठेवल्या, मऊ कापडाने पुसल्या आणि १८ तारखेला घेतल्या. एकही फोड नाही. छपाई विभागाला दोन सूचना: लॅमिनेशनच्या कामाला पावडर कमीत कमी आणि दोन दिवसांची मुदत. २६० शीट वाया.

१९ जून

आज निर्णयच फिरला. मशीन हाताने शीट भरणारं घ्यायचं जवळपास ठरलं होतं, पण शीट सुट्या करायचा विचार केलाच नव्हता. मशीनमधून शीट एकीवर एक थोडी चढवून सलग पट्ट्यासारख्या बाहेर येतात. हाताने ब्लेडने कापल्या तर मिनिटाला ६ चं गणित ३ वर येतं आणि एक माणूस त्यातच अडकतो. ३ जूनचा हिशेब या एका गोष्टीने निम्मा झाला.

आपोआप सुटं करणाऱ्या मशीनमध्ये एक चाक फिल्मच्या कडेला छेद देतं आणि पुढचे जास्त वेगाने फिरणारे रोलर शीटला झटका देऊन जोड तोडतात. बीओपीपीला एकदा छेद मिळाला की ती सरळ फाटत जाते, म्हणून हे जमतं. पॉलिस्टर आणि नायलॉन तशा फाटत नाहीत, ताणल्या जातात. नायलॉनच्या नमुन्यावर १० पैकी ७ शीटना लोंबता पदर राहिला, दोन शीट रोलरात गुंडाळल्या गेल्या. त्या फिल्मना पूर्ण रुंदीला छिद्रं पाडणारं चाक किंवा गरम सुरी लागते.

कव्हरांसाठी नायलॉन हवी असेल (ती का, ते ५ जुलैच्या नोंदीत) तर मशीन त्याच हिशेबाने निवडावं लागेल. फिल्म आधी ठरवायची आणि मशीन नंतर, हा क्रम आम्ही उलटा धरला होता.

२२ जून

ठरलं: ५२० मिमी, एकबाजूचं, आपोआप शीट भरणारं आणि सुटं करणारं, झटका रोलरबरोबर छिद्रचाक असलेलं. विकत घेण्याआधी मशीनसमोर उभं राहून तपासलेल्या गोष्टी:

रोलरच्या मध्यावर आणि दोन्ही कडांना टेप लावून तापमान. फरक ५ अंशांपेक्षा जास्त नको. याचा ३ अंश निघाला.

दाब सारखा आहे का: रोलर थंड असताना सारख्या रुंदीच्या कागदाच्या तीन पट्ट्या डावीकडे, मध्ये, उजवीकडे धरून दाब दिला आणि एकेक ओढून पाहिली. उजवी सैल निघाली. स्प्रिंगचा नट अर्धा फेरा आवळल्यावर जुळली.

रबर रोलरवर नखाने ओरखडे चाचपले आणि खोलगट डाग पाहिले. दाब न सोडता मशीन बंद ठेवलेलं असेल तर रबरावर चपटी रेघ बसते आणि ती प्रत्येक फेऱ्याला शीटवर उमटते.

फिल्मच्या दांड्याचा व्यास, फिल्मचा रोल ताणून धरणाऱ्या ब्रेकची घुंडी हलक्या हाताने फिरते का, शीटचं वळण काढणारी पट्टी किती सरकते, आणि सुटे भाग: हीटर, थर्मोस्टॅटचा सेन्सर, छेद देणारी पाती. या तिन्हीचा एक एक जोड मशीनबरोबरच घेतला.

२८ जून

मशीन बसवलं. हीटर आणि मोटर मिळून भार २.४ किलोवॅट. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासून. प्रिंटरच्या सर्किटवर लावू नये: हीटर चालू-बंद होताना व्होल्टेज पडतो. पाणसळ लावून मशीन सपाट केलं. २ मिमीच्या उतारानेही फिल्म एका बाजूला सरकते.

मोठी चूक आज उघडी पडली. फिल्मचे सहा रोल आधीच मागवले होते, १ इंची कोअरवर (फिल्म ज्यावर गुंडाळतात ती पोकळ नळी). मशीनचा दांडा ३ इंची कोअरचा. कोअर तीन मापांत सर्रास येतो: १ इंच, सव्वादोन इंच आणि ३ इंच. नमुन्यांसाठी आलेलं माप तेच पुढे लिहिलं गेलं. बारीक कोअरवर अ‍ॅडॉप्टर चालत नाही. अ‍ॅडॉप्टर बारीक दांड्यावर मोठा कोअर बसवण्यासाठी असतो, उलट दिशेला काही करता येत नाही. चार रोल बदलून मिळाले, दोन उघडलेले होते ते तसेच पडून. चार दिवस गेले.

मागणी-पत्रात आता हे सगळं लिहितो: फिल्मचा प्रकार, थरांची फोड, रुंदी, लांबी, कोअरचं माप, गोंद आत की बाहेर, आणि निर्मितीची तारीख. गोंदाची बाजू चुकली तर फिल्म उलटी चढते आणि गोंद थेट तापलेल्या रोलरला लागतो.

२ जुलै

गोंद रोलरला लागलाच, पण वेगळ्या वाटेने. ३३० मिमी शीटसाठी ३३० मिमीचीच फिल्म घेतली होती. शीट अर्धा मिमी तिरकी गेली की तेवढा गोंद उघडा राहतो आणि रबर रोलरवर बसतो. तीसएक शीटनंतर खालच्या रोलरला चिकट कडा आली आणि शीटच्या पाठीवर डाग पडायला लागले.

साफ करायची रीत: तापमान बंद, रोलर हाताला सोसेल इतका कोमट होऊ द्यायचा. जाड कार्डाचा तुकडा किंवा खोडरबर घासून गोंदाच्या गोळ्या काढायच्या, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं कापड. ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, घासणी यांपैकी काहीही रबराजवळ आणायचं नाही. एक चीर पडली तर ती आयुष्यभर प्रत्येक शीटवर दिसते. अल्कोहोल गरम रोलरवर टाकणं धोक्याचं आहे, वाफ पेट घेऊ शकते. दीड तास लागला.

आता ३३० च्या शीटला ३२० मिमी आणि ४५७ च्या शीटला ४४५ मिमी फिल्म. दोन्हीकडे ५–६ मिमी कागद कोरा राहतो, म्हणून मांडणीही बदलावी लागली: १३×१९ वर रुंदीत ३१० मिमीच्या बाहेर काम जाता कामा नये.

शीट एकीवर एक ४ मिमी चढवतो. त्याहून कमी ठेवलं तर मध्येच फट पडून गोंद रबरावर उतरतो. ३५० जीएसएमला त्या पायरीच्या मागे २–३ मिमीचा हवेचा बोगदा राहतो, तो कापण्यात जातो.

३ जुलै

रोज सकाळी पहिल्या १५ शीट चंदेरी येत होत्या. पाटी १२ मिनिटांत ठरल्या आकड्यावर येते आणि हिरवा दिवा लागतो. पण तो आकडा वरच्या रोलरचा. खालचा रबर रोलर तोवर थंड असतो आणि उष्णता ओढून घेतो. दिवा लागल्यावर दाब देऊन, फिल्म न घालता, रोलर आणखी १५ मिनिटं फिरवल्यापासून पहिली शीट चांगली येते.

५ ते ९ जुलै

वळण. या कामात सर्वांत जास्त वेळ यानेच खाल्ला.

पहिल्या ४०० कव्हरांचा गठ्ठा मशीनमधून सपाट आला. तीन दिवसांनी तीच कव्हरं पुस्तकांवर बसल्यावर उघड्या कडेने वर उचलली गेली. त्याआधी डिजिटल कार्डं मात्र मशीनमधून निघतानाच वळत होती. आम्ही दोन्हींना एकच उपाय करत बसलो, तापमान कमी करण्याचा, आणि पकड बिघडवून घेतली. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

ओळखायची खूण: शीट कोणत्या बाजूंनी उचलली जाते ते पाहा. मशीनमध्ये जाणारी पुढची कड आणि मागची कड फिल्मच्या दिशेला उचलल्या जात असतील, आणि तेही लगेच, तर फिल्म ताणली जात आहे. ब्रेक घट्ट असला की गरम फिल्म लांबते, चिकटते आणि गार होताना आखडते. ब्रेक इतका सैल करायचा की फिल्मवर सुरकुती येण्याच्या अगदी अलीकडे थांबावं. आमची घुंडी ५ वर होती, २ वर आली. मग तापमान ३ अंश कमी, आणि उरलेलं वळण पट्टीवर शीट उलट्या बाजूला वाकवून काढायचं. रोल संपत आला की व्यास घटतो आणि तोच ब्रेक जास्त ओढतो, म्हणून अर्ध्या रोलनंतर घुंडी पुन्हा सैल करावी लागते.

दोन-चार दिवसांनी येणारं वळण मशीनचं नाही, हवेचं आहे. फिल्मची बाजू बंद, पाठ उघडी. दमट हवेत कागदाची पाठ ओल पिऊन फुगते, बीओपीपी तसूभरही फुगत नाही, आणि शीट फिल्मच्या बाजूला वळते. कोरड्या हवेत नेमकं उलटं. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, त्यामुळे हे वळण नेहमी तंतूंच्या दिशेला समांतर नळी करतं. ब्रेक, तापमान, पट्टी, यातलं काहीही इथे कामाला येत नाही.

उपाय तीन केले. कागदाची रिमं गुंडाळी न फोडता दोन दिवस त्याच खोलीत ठेवायची आणि शीट लॅमिनेशननंतर सपाट गठ्ठ्यात, फळीखाली, वजनाने दाबून. कव्हरांचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवायचे (ते बाइंडिंगसाठीही लागतंच). तिसरा आणि खरा उपाय नायलॉन फिल्म. ती ओल आत घेते आणि कागदाबरोबर फुगते, त्यामुळे कव्हर सपाट राहतं.

एकाच छपाईची २० कव्हरं बीओपीपीने आणि २० नायलॉनने करून, आर्द्रतामापकावर ७८ टक्के असलेल्या खोलीत चार दिवस सुटी ठेवली. बीओपीपीची उघडी कड टेबलापासून १४ ते २२ मिमी वर, नायलॉनची जास्तीत जास्त ४ मिमी. नायलॉनला तापमान जास्त लागलं, ११६ अंश, आणि वेग अडीच मीटर. चौरस मीटरला ती बरीच महाग पडते, म्हणून फक्त पातळ कव्हरांच्या पुस्तकांना. पाठपोट कार्डांना तिची गरज नाही, दोन्हीकडे बीओपीपी असली की ताण एकमेकांना तोलतात.

१२ जुलै

पाठपोट काम. पहिली बाजू होऊन निघालेला गरम गठ्ठा लगेच उलटून घातला तर शीट अजून वळलेल्या असतात, फीडर दोन दोन ओढतो. २० मिनिटं फळीखाली ठेवून मग दुसरी बाजू. दुसऱ्या बाजूला ब्रेक अर्ध्या घराने जास्त, म्हणजे दोन्हीकडचा ताण जुळतो. याला सूत्र नाही, ५ शीट घालून पाहायच्या.

सॉफ्ट-टच फिल्म स्पर्शाला सुंदर आहे, आणि साध्या मॅटवर गठ्ठा सरकला तरी उठणारे चकचकीत ओरखडे हिच्यावर कमी उठतात. व्हिजिटिंग कार्डांना ती ठेवली.

१५ जुलै

मॅटवर स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरच चकचकीत थर) आणि सोनेरी फॉइल. एका जुन्या रोलवर यूव्हीचा थर नखाने निघाला. डाइन पेन (पृष्ठभागावर शाई धरेल का ते दाखवणारं) लावलं: ३८ ची शाई फिल्मवर पसरण्याऐवजी थेंब थेंब होऊन गोळा झाली. फिल्मच्या बाहेरच्या बाजूला शाई धरावी म्हणून केलेली कोरोना (विजेची) प्रक्रिया साठवणुकीत हळूहळू उतरते. नव्या रोलवर तीच शाई सलग रेघ देते. यूव्ही किंवा फॉइलचं काम असेल तर रोल उघडल्यावर आधी ३८ चं पेन, मग छपाई. निर्मितीची तारीख मागणी-पत्रात याचसाठी.

कामाचा क्रम: लॅमिनेशन, यूव्ही किंवा फॉइल, क्रीझिंग, कटिंग. कटिंगआधी शीट किमान काही तास गार झालेल्या हव्यात. गरम गठ्ठा कापला तर पातं फिल्मची कड उचलतं.

१८ जुलै

व्हिनाइलच्या स्टिकरांना हे मशीन वापरायचं नाही. व्हिनाइल उष्णतेत आखडतं. त्याला दाबाने चिकटणारी थंड फिल्म आणि साधं थंड रोलर मशीन, आणि इको-सॉल्व्हंट (द्रावकाच्या शाईची) छपाई असेल तर आधी २४ ते ४८ तास सुटी ठेवून शाईतली वाफ जाऊ द्यायची. गुंडाळून ठेवली तर आतली वाफ जातच नाही. ते काम सध्या बाहेरच.

थर्मल कागदावरची छपाई या मशीनमध्ये चुकूनही घालू नये, सगळा कागद काळा पडतो.

२२ जुलै

भिंतीवर लावलेला तक्ता (टेपवर मोजलेलं तापमान, वेग, ब्रेक):

टोनर, डिजिटल मॅट १५+१५: १०८ अंश, ३ मीटर, ब्रेक २.
टोनर, सॉफ्ट-टच: ११० अंश, अडीच मीटर, ब्रेक २.
ऑफसेट, ग्लॉस १२+१२: ९८ अंश, ४ मीटर, ब्रेक दीड.
कव्हरं, नायलॉन १५+१५: ११६ अंश, अडीच मीटर, ब्रेक १, छिद्रचाक चालू.

सात आठवड्यांत वाया: ६१० शीट आणि सुमारे ४८० मीटर फिल्म, शिवाय चुकीच्या कोअरचे दोन रोल. वेळ: कोअरमुळे चार दिवस, वळणामागे पाच, गोंद साफ करण्यात दीड तास. १,००० मीटरच्या रोलमधून ४ मिमी चढवून १३×१९ च्या २,०८७ शीट निघायला हव्यात, पहिल्या पूर्ण रोलमधून २,०३० निघाल्या.

बंद करताना: तापमान खाली, पंखा चालू ठेवून रोलर ६० अंशांखाली येईपर्यंत फिरवायचा, मग दाब सोडायचा. दाब सोडल्याची खूण म्हणून मशीनच्या मुठीला लाल फीत बांधली आहे. रात्री शेवटी निघणाऱ्याने ती फीत वर आहे का बघून दिवे बंद करायचे.